पायातली गुठळी आणि रिपोर्टवरचा भरवसा

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांत महाराष्ट्रातल्या घराघरांत एक नवा शब्द येऊन बसला: डी-डायमर. कोविडच्या रुग्णाचा सीआरपी किती, फेरिटिन किती, डी-डायमर किती, याची चौकशी नातेवाईक व्हॉट्सअॅपवर करू लागले. आकडा पाचशेच्या वर गेला की धडकी भरायची, खाली आला की हायसं वाटायचं. ही तपासणी काही कोविडसाठी निघालेली नव्हती. पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली आहे का, या जुन्या आणि अवघड प्रश्नाशी झगडताना डॉक्टरांनी ती हाताशी धरली होती. त्या प्रश्नापुरता तिचा खरा उपयोग मात्र साथीच्या काळात लोकांना वाटला त्याच्या जवळपास उलटा आहे. आकडा वाढला यावरून फारसं काही सिद्ध होत नाही. तो वाढलेला नाही, ही खरी बातमी असते. आणि तीही प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत नाही.

एकाच तपासणीचं उत्तर एका माणसासाठी भरवशाचं आणि दुसऱ्यासाठी फसवं कसं असू शकतं, हे समजून घ्यायला पायातल्या गुठळीइतकं चांगलं उदाहरण वैद्यकात क्वचितच सापडेल.

पायातलं अशुद्ध रक्त वर हृदयाकडे नेणाऱ्या शिरा दोन थरांत असतात. कातडीखाली दिसणाऱ्या निळसर शिरा हा वरचा थर. स्नायूंच्या आत, हाडाच्या जवळून जाणाऱ्या जाड शिरा हा खोल थर, आणि बहुतेक रक्त याच वाटेनं जातं. या खोल शिरांमध्ये रक्त गोठून बसलं की त्याला डीप व्हेन थ्रॉम्बोसिस, डॉक्टरांच्या रोजच्या बोलण्यात डीव्हीटी, म्हणतात. मोठ्या ऑपरेशननंतर, प्लास्टरमध्ये पाय अडकल्यावर, कर्करोगात, बाळंतपणाच्या आगेमागे, किंवा नुसतंच बरेच दिवस अंथरुणाला खिळल्यावर हा धोका वाढतो. पोटरी दुखते, पाय सुजतो, कधी काहीच जाणवत नाही. गुठळीचा तुकडा सुटून रक्तासोबत फुप्फुसात जाऊन अडकला, तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. पायातली गुठळी आणि फुप्फुसात अडकलेली गुठळी यांचं हे नातं जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ विरशो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच दाखवून दिलं होतं.

उपचार न केल्यास काय होतं, याचा पुरावा १९६० मध्ये ब्रिस्टलहून आला. तिथल्या बॅरिट आणि जॉर्डन या डॉक्टरांनी फुप्फुसात गुठळी गेलेल्या रुग्णांचे दोन गट केले. रक्त पातळ करणारं औषध न मिळालेल्या १९ जणांपैकी ५ जण त्याच आजारानं दगावले. औषध मिळालेल्या १६ जणांपैकी त्या आजारानं कोणीही गेलं नाही. माणसं थोडी होती, पण फरक इतका ढळढळीत होता की असा प्रयोग पुन्हा करणं कोणालाच रास्त वाटलं नाही.

मग संशय आला की सरसकट औषध का देऊ नये? कारण तेही निरुपद्रवी नाही. रक्त पातळ करणाऱ्या औषधानं मेंदूत, पोटात, ताज्या जखमेत रक्तस्राव होऊ शकतो, आणि ते निदान तीन महिने घ्यावं लागतं. शिवाय एकदा 'डीव्हीटी झाली होती' असा शिक्का बसला की तो जन्मभर सोबत राहतो. पुढच्या गरोदरपणात, पुढच्या ऑपरेशनच्या वेळी, विम्याचा अर्ज भरताना तो प्रत्येक वेळी वर येतो. म्हणून इथे दोन्ही बाजूंच्या चुका महाग आहेत. गुठळी नजरेतून सुटली तर मृत्यूचा धोका. नसलेली गुठळी दिसली तर रक्तस्रावाचा.

पहिली चूक किती महाग पडू शकते, ते पाहा. अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीचे बातमीदार डेव्हिड ब्लूम २००३ मध्ये इराक युद्धाचं वार्तांकन करत होते. दिवसचे दिवस ते लष्करी वाहनात अंग आखडून बसून काढत होते. पाय दुखत होता, पण युद्धभूमीवर त्याचा पाठपुरावा झाला नाही. ६ एप्रिलला ते कोसळले. पायातली गुठळी फुप्फुसात गेली होती. वय होतं अवघं ३९.

असा पाय समोर आला की डॉक्टर काय करायचे? बॉस्टनचे सर्जन जॉन होमन्स यांनी १९४०च्या दशकात एक खूण सांगितली. पाऊल घोट्यातून वरच्या बाजूला वाकवायचं. पोटरीत कळ आली तर गुठळीचा संशय घ्यायचा. 'होमन्स साइन' डॉक्टरांच्या अनेक पिढ्यांनी पाठ केली, आजही परीक्षेत विचारली जाते. दुर्दैवानं तिच्यावर विसंबता येत नाही. गुठळी असलेल्या कित्येकांत ती सापडत नाही, आणि स्नायू ताणला गेला असला, गुडघ्यामागे पाण्याची गाठ फुटली असली किंवा कातडीखाली संसर्ग झाला असला तरी पोटरी तशीच दुखते. विदर्भातल्या गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा या भागांत तर हत्तीरोगामुळे सुजलेले पायही डॉक्टरांसमोर येतात. डीव्हीटीच्या संशयानं तपासणीला पाठवलेल्या रुग्णांपैकी बहुतेकांना ती नसतेच. कॅनडातल्या एका मोठ्या अभ्यासात ती साधारण १६ टक्के रुग्णांतच निघाली.

खात्रीचा मार्ग म्हणजे व्हेनोग्राफी. पावलावरच्या शिरेत सुई घालून एक्स-रेमध्ये दिसणारं औषध सोडायचं आणि ते वर चढताना चित्रं घ्यायची. गुठळी असेल तिथे औषध अडतं किंवा तिच्या कडेनं वाहतं. चित्र स्वच्छ येतं, पण तपासणी दुखते. सुजलेल्या पायावर शीर मिळत नाही, औषधाची अॅलर्जी होऊ शकते, मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो, आणि काही रुग्णांत या औषधानंच शिरेला सूज येऊन गुठळी झाल्याचं आढळलं आहे. तरीही बाकीच्या तपासण्या मोजायची मोजपट्टी अनेक वर्षं तीच राहिली. कॅनडातल्या हॅमिल्टन शहरातल्या मॅकमास्टर विद्यापीठात रसेल हल आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये एक साधा पण मोलाचा अभ्यास केला. व्हेनोग्राफी नॉर्मल आलेल्या १६० जणांना औषध न देता त्यांनी त्यांच्यावर नुसतं लक्ष ठेवलं. पुढे त्यांच्यापैकी २ जणांना गुठळीचा त्रास झाला, म्हणजे १.३ टक्के. हा आकडा पुढे अलिखित कसोटी बनला. सुई न टोचता होणारी कोणतीही तपासणी नॉर्मल आली आणि त्यानंतर तीन महिन्यांत गुठळी निघण्याचं प्रमाण एक-दोन टक्क्यांच्या आत राहिलं, तर ती व्हेनोग्राफीच्या तोडीची मानायची.

सुईशिवाय निदान करण्याच्या सुरुवातीच्या प्रयत्नांत एका भारतीय वंशाच्या सर्जनचं नाव ठळक आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये विजय काकर यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस ऑपरेशन झालेल्या रुग्णांवर फायब्रिनोजेनची तपासणी वापरली. फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारं प्रथिन. त्याला किरणोत्सारी आयोडिन जोडून ते रुग्णाला टोचायचं आणि पायावरून मोजणी यंत्र फिरवायचं; गुठळी होत असेल तिथे प्रथिन साचतं आणि यंत्राचा आकडा वाढतो. सुई इथेही होती, पण पायाची छळणूक नव्हती. ऑपरेशननंतर पोटरीत किती जणांना नकळत गुठळ्या होतात आणि त्यातल्या कित्येक आपोआप विरघळतात, हे जगाला यातून प्रथम नीट कळलं. तपासणी स्वतः मात्र टिकली नाही. दुसऱ्याच्या रक्तातून मिळवलेलं प्रथिन टोचण्यात संसर्गाची भीती होती, आणि मांडीच्या वरच्या भागातली गुठळी तिला नीट पकडता येत नव्हती.

त्यानंतर आली इम्पिडन्स प्लेथिस्मोग्राफी. नाव बोजड, कल्पना सुंदर. मांडीला रक्तदाबाच्या यंत्रासारखा पट्टा बांधून फुगवायचा म्हणजे पोटरीत रक्त साठतं. पट्टा एकदम सोडला की ते झरकन वर निघून जायला हवं. पोटरीवर लावलेले इलेक्ट्रोड विजेला होणारा विरोध मोजतात आणि त्यावरून रक्त किती वेगानं निघून गेलं ते कळतं. वर गुठळी असेल तर रक्त रेंगाळतं. १९७०च्या दशकात हॅमिल्टनमधल्या अभ्यासांत गुडघ्याच्या वरच्या गुठळ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक या यंत्रानं पकडल्या. आता व्हेनोग्राफीची गरज उरली नाही, असं अनेकांना वाटलं.

आणि मग घसरण झाली. १९९३ मध्ये त्याच हॅमिल्टनच्या मंडळींनी पुन्हा तुलना केली तेव्हा वरच्या गुठळ्या पकडण्याचं प्रमाण ६६ टक्क्यांवर आलं होतं. तीनपैकी एक गुठळी निसटत होती. युरोपात याच पद्धतीच्या एका संगणकीकृत यंत्रावर चाललेला अभ्यास मध्येच थांबवावा लागला, कारण नॉर्मल ठरवून घरी पाठवलेल्या रुग्णांपैकी काहींना पुढे फुप्फुसात गुठळी झाली.

यंत्र बिघडलं नव्हतं. बदलले होते ते रुग्ण. सुरुवातीच्या काळात पाय चांगलाच सुजलेले, मोठी गुठळी होऊन शीर पूर्ण तुंबलेले रुग्ण तपासणीला येत. पुढे डॉक्टर जागरूक झाले, थोड्याशा दुखण्यावरही रुग्ण पाठवू लागले. लहान, शिरेची अर्धीच जागा व्यापणाऱ्या गुठळ्या समोर येऊ लागल्या. त्यांच्या कडेनं रक्त वाहतच राहायचं, आणि प्रवाह मोजणाऱ्या यंत्राला त्यांचा पत्ताच लागत नसे. आधी चुकलेली मोजणी पुढे त्याच संशोधकांनी स्वतःच जाहीरपणे दुरुस्त केली, हे वैद्यकाच्या इतिहासातलं एक प्रामाणिक पान आहे.

आज जिला सगळे 'पायाचा डॉपलर' म्हणतात, त्या सोनोग्राफीनं हा पेच बऱ्याच अंशी सोडवला. डॉपलर म्हणजे रक्ताचा प्रवाह रंगांत आणि आवाजात दाखवण्याची सोय. पण डीव्हीटीच्या निदानात सगळ्यात मोठं काम त्या रंगांचं नसतं. तपासणारा डॉक्टर जांघेत किंवा गुडघ्यामागे प्रोब ठेवून अलगद दाबतो. निरोगी शीर मऊ असते, दाबली की तिच्या दोन्ही भिंती एकमेकींना भिडतात आणि पडद्यावरचं काळं वर्तुळ नाहीसं होतं. शेजारची धमनी धडधडत तशीच राहते. शिरेत गुठळी असेल तर ती दबत नाही. एवढंच.

ही साधी युक्ती किती चालते, ते १९८९ मध्ये नेदरलँड्सच्या अँथनी लेन्सिंग आणि सहकाऱ्यांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये दाखवलं. डीव्हीटीचा संशय असलेल्या २२० रुग्णांची त्यांनी सोनोग्राफी आणि व्हेनोग्राफी दोन्ही केल्या. गुडघ्यामागच्या किंवा मांडीतल्या शिरेत गुठळी असलेल्या ६६ जणांपैकी ६६ जण सोनोग्राफीत सापडले. व्हेनोग्राफी नॉर्मल असलेल्या १४३ जणांपैकी १४२ जणांची शीर नीट दबली. मात्र ज्या ११ जणांची गुठळी फक्त पोटरीत होती, त्यांतले ४ जणच पकडले गेले. पोटरीतल्या शिरा बारीक, जोडीजोडीनं जाणाऱ्या आणि खोल असल्यानं तिथे ही पद्धत दुबळी पडते. पुढच्या काळात यंत्रं सुधारली तरी हा फरक मिटलेला नाही. २००५ मध्ये अनेक अभ्यासांची एकत्र मांडणी झाली, तेव्हा वरच्या गुठळ्या पकडण्याचं प्रमाण सुमारे ९४ टक्के आणि पोटरीतल्या गुठळ्यांचं सुमारे ६४ टक्के निघालं. गुठळी नसलेल्यांना बरोबर 'नाही' म्हणण्याचं प्रमाणही साधारण ९४ टक्के होतं.

आता एक चक्रावणारी गोष्ट. ९४ टक्के हा आकडा पायाला त्रास होत असलेल्या रुग्णांचा. हीच सोनोग्राफी, पाय अजिबात न दुखणाऱ्या पण नुकतंच खुब्याचं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या रुग्णांवर नुसती खबरदारी म्हणून केली, तर? १९९५ मध्ये फिलिप वेल्स आणि सहकाऱ्यांनी अशा अभ्यासांचा आढावा घेतला. काटेकोर पद्धतीनं केलेल्या अभ्यासांत वरच्या गुठळ्यांपैकी ६२ टक्केच सापडत होत्या. सैल पद्धतीनं केलेल्या अभ्यासांत तोच आकडा ९५ टक्के दिसत होता. यात दोन धडे एकदम आहेत. त्रास नसलेल्या माणसाची गुठळी लहान असते, म्हणून ती निसटते. आणि तपासणी ज्या अभ्यासावरून नावाजली जाते तो अभ्यासच ढिला असेल, तर आकडा फुगतो. जाहिरातीत किंवा माहितीपत्रकात 'अचूकता ९५ टक्के' असं छापलेलं दिसलं की ती कोणत्या रुग्णांवर मोजली, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला काही किंमत नाही.

वेल्स यांचं मोठं काम याच्या पुढचं. ओटावाच्या या डॉक्टरांनी म्हटलं, यंत्राकडे जाण्याआधी डॉक्टरच्या अंदाजालाच शिस्त लावू या. त्यांनी गुणांची यादी बनवली. कर्करोगाचा उपचार चालू आहे का, पाय लुळा किंवा प्लास्टरमध्ये आहे का, अलीकडे मोठं ऑपरेशन झालं किंवा रुग्ण अंथरुणाला खिळून होता का, खोल शिरेच्या वाटेवर दाबल्यावर दुखतं का, संपूर्ण पाय सुजला आहे का, पोटरीचा घेर दुसऱ्या पोटरीपेक्षा तीन सेंटिमीटरहून जास्त आहे का, बोटानं दाबल्यावर खड्डा पडतो का, वरच्या शिरा नव्यानं फुगल्या आहेत का. प्रत्येक 'हो'ला एक गुण. पण तेवढ्याच संभाव्य दुसऱ्या कारणानं हे दुखणं समजावता येत असेल तर दोन गुण वजा. पुढे आधी कधी डीव्हीटी झाली असल्यास एक गुण असंही त्यात घातलं गेलं. यासाठी एक मोजपट्टी पुरते, जी तालुक्याच्या दवाखान्यातही असते.

१९९७ मध्ये ५९३ रुग्णांवर ही यादी पडताळली गेली. कमी गुणांच्या गटात ३ टक्के रुग्णांना डीव्हीटी निघाली, मधल्या गटात १७ टक्के आणि जास्त गुणांच्या गटात ७५ टक्के. होमन्सची एकटी खूण कुचकामी होती. पण अशा आठ-नऊ गोष्टींची नीट गोळाबेरीज केल्यावर त्याच हातांनी, त्याच डोळ्यांनी केलेली तपासणी रुग्णांना इतकी स्वच्छ वेगळी करू लागली.

इथे थोडं गणित करायलाच हवं, कारण सगळी मेख त्यात आहे. हिशेब सोपा राहावा म्हणून सोनोग्राफी दोन्ही बाजूंनी ९४ टक्के अचूक आहे असं धरू. कमी गुणांचे हजार रुग्ण घेतले तर त्यांत ३० जणांना खरोखर गुठळी असेल. त्यातले २८ सोनोग्राफीत सापडतील. उरलेल्या ९७० निरोगी लोकांपैकी ६ टक्के, म्हणजे ५८ जणांत ती चुकून 'गुठळी आहे' म्हणेल. म्हणजे गुठळी दाखवणारे ८६ रिपोर्ट, आणि त्यातले खरे २८. तीनातले दोन खोटे! आता जास्त गुणांचे हजार रुग्ण. ७५० जणांना गुठळी. ७०५ सापडतील, ४५ निसटतील. निरोगी २५० पैकी २३५ जणांना योग्य तो नॉर्मल रिपोर्ट मिळेल. म्हणजे एकूण २८० नॉर्मल रिपोर्ट, आणि त्यातल्या ४५ जणांच्या पायात गुठळी. सहा नॉर्मल रिपोर्टांमागे जवळपास एक चुकीचा.

यंत्र तेच, तंत्रज्ञ तोच, अचूकता तीच. पहिल्या गटात 'आहे' या उत्तरावर विश्वास ठेवता येत नाही, दुसऱ्या गटात 'नाही' या उत्तरावर. सोनोग्राफीआधी ज्या डॉक्टरनं पाच मिनिटं बसून पोटऱ्या मोजल्या नाहीत, त्याला हातातल्या रिपोर्टचा अर्थ लावताच येणार नाही. आपल्याकडे रुग्ण स्वतःच 'जरा डॉपलर काढून घेऊ' म्हणत थेट सोनोग्राफी सेंटरला जातात, आणि विनंतीच्या चिठ्ठीवर 'पायाला सूज' एवढे दोनच शब्द असतात. या सवयीनं खरं नुकसान होतं, आणि ते पैशांपुरतं नसतं.

डी-डायमरची जागा याच साखळीत आहे. गुठळीतलं फायब्रिन शरीर तोडू लागलं की त्याचे तुकडे रक्तात येतात, त्यातला एक तुकडा म्हणजे डी-डायमर. चांगल्या प्रतीची तपासणी डीव्हीटी असलेल्या शंभरातल्या पंचाण्णवांच्या आसपास रुग्णांत वाढलेली दिसते. पण न्यूमोनिया, कर्करोग, ऑपरेशन, मार, गरोदरपण, नुसतं वाढलेलं वय, यांपैकी कशानंही ती वाढते. म्हणून वाढलेला आकडा जवळपास मुका असतो. नॉर्मल आकडा मात्र बोलतो. २००३ मध्ये वेल्स यांनी १,०९६ रुग्णांवर दाखवलं की गुणांनुसार डीव्हीटीची शक्यता कमी असेल आणि डी-डायमरही निगेटिव्ह असेल, तर सोनोग्राफी न करता रुग्णाला घरी पाठवता येतं. अशा रुग्णांत पुढच्या तीन महिन्यांत गुठळी निघण्याचं प्रमाण १ टक्क्यापेक्षा कमी राहिलं. १९८१च्या व्हेनोग्राफीच्या कसोटीत हे सहज बसतं. एक रक्ताचा नमुना आणि एक मोजपट्टी यांनी त्या वेदनादायी तपासणीची बरोबरी केली होती. जास्त गुणांच्या रुग्णाला मात्र डी-डायमर निगेटिव्ह आला तरी सोडता येत नाही. त्याला सोनोग्राफी हवीच.

डी-डायमरच्या कागदावर एककाकडे बघणं फार गरजेचं आहे. काही लॅब एफईयू या एककात आकडा देतात, काही डीडीयूमध्ये. पहिल्यातले ५०० म्हणजे दुसऱ्यातले साधारण २५०. डीडीयूत ४०० आलेला माणूस 'पाचशेच्या खाली आहे' म्हणून निर्धास्त झाला तर ती सरळ चूक आहे. वयाचंही तसंच. पन्नाशीनंतर नॉर्मल मर्यादा वयाच्या दहापट धरावी, म्हणजे सत्तरीच्या माणसाला ७००, अशी पद्धत रूढ होत आहे. फुप्फुसातल्या गुठळीच्या संशयासाठी ती २०१४ मध्ये युरोपातल्या चार देशांतल्या ३,३४६ रुग्णांवर पडताळून पाहिली गेली. ही मर्यादा एफईयू या एककासाठी आहे, हे पुन्हा सांगायला हवं. आणि रक्त पातळ करणारं औषध सुरू झाल्यावर डी-डायमर खाली येतो, त्यामुळे नमुना औषधाआधी घ्यायचा.

पोटरीतल्या गुठळ्यांचं काय, ज्या सोनोग्राफीत निसटतात? त्यांतल्या बऱ्याच जागच्या जागी विरघळतात. काही मात्र वर सरकतात, आणि सरकणार असतील तर साधारण पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत. म्हणून उपाय आहे तो थांबण्याचा आणि पुन्हा पाहण्याचा. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार शक्यता जास्त, डी-डायमर वाढलेला आणि सोनोग्राफी नॉर्मल, असं असेल तर सहा ते आठ दिवसांनी ती परत करतात. दुसरा मार्ग म्हणजे पहिल्याच वेळी जांघेपासून घोट्यापर्यंत सगळा पाय तपासणं. २००८ मध्ये इटलीतल्या २,०९८ रुग्णांवर दोन्ही मार्गांची तुलना झाली. जांघ आणि गुडघा या दोनच जागा दाबून पाहणं, डी-डायमर करणं आणि गरजेनुसार पुन्हा तपासणं, या मार्गानं नॉर्मल ठरलेल्यांत तीन महिन्यांत ०.९ टक्के रुग्णांना गुठळी निघाली. संपूर्ण पाय तपासलेल्यांत १.२ टक्के. फरक नगण्य. मात्र संपूर्ण पाय पाहिल्यानं पोटरीतल्या जास्त गुठळ्या सापडल्या आणि जास्त लोकांना औषध मिळालं, ज्यांतल्या काहींना त्याची गरज कदाचित नव्हती. आपल्याकडे पुन्हा सोनोग्राफीला येणं म्हणजे एक दिवसाचा रोज बुडणं आणि एसटीचं भाडं. परत येणं ज्याला शक्य नाही, त्याचा संपूर्ण पाय पहिल्याच दिवशी बघितलेला बरा.

काही रुग्णांत ही सगळी यंत्रणाच डगमगते. गरोदरपणात डी-डायमर वाढलेलाच असतो, आणि गुठळी बहुतेकदा डाव्या पायात, कधी थेट ओटीपोटातल्या शिरेत होते. तिथे प्रोब दाबून शीर मिटवता येत नाही. सोनोग्राफी नॉर्मल आणि पाय मात्र पार जांघेपर्यंत सुजलेला, अशा वेळी एमआरआयकडे वळावं लागतं. आधी डीव्हीटी होऊन गेलेल्यांची अडचण वेगळी. जुनी गुठळी शिरेत व्रणासारखी राहते, शीर पूर्ण दबत नाही, आणि नवं दुखणं नव्या गुठळीचं की जुन्या डागाचं, ते सोनोग्राफीत समजत नाही. म्हणून उपचार संपताना एकदा सोनोग्राफी करून तो रिपोर्ट जपून ठेवणं शहाणपणाचं. पुढे तुलना करायला तोच उपयोगी पडतो. ताज्या गुठळीतला रक्ताचा एक घटक एमआरआयमध्ये औषध न टोचताही चमकतो, या गुणाचा वापर नेदरलँड्समधल्या लायडनच्या डॉक्टरांनी केला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ३०५ रुग्ण होते, आणि नवी गुठळी नाही असं एमआरआयनं सांगितलेल्यांत पुढच्या तीन महिन्यांत १.७ टक्के जणांनाच ती निघाली.

आणखी एक गैरसमज. पायाची सोनोग्राफी नॉर्मल म्हणजे फुप्फुसही सुखरूप, असं नाही. टेनिसपटू सेरेना विल्यम्स यांची २०१७च्या सप्टेंबरमध्ये सिझेरियननं प्रसूती झाली. दुसऱ्या दिवशी त्यांना धाप लागली. २०११ मध्ये त्यांच्या फुप्फुसात गुठळी होऊन गेली होती, त्यामुळे काय होतंय हे त्यांनीच ओळखलं, आणि सीटी स्कॅन व रक्त पातळ करणारं हेपारिन हवं असं सांगितलं. आधी झाली ती पायांची सोनोग्राफी, आणि तिच्यात काहीच नव्हतं. मग सीटी झाला तेव्हा फुप्फुसात लहान लहान गुठळ्या दिसल्या. फुप्फुसात गुठळी असलेल्या रुग्णांपैकी साधारण ३० ते ५० टक्क्यांच्याच पायात ती सोनोग्राफीत दिसते. बाकीच्यांची एक तर सुटून वर गेलेली असते किंवा दिसत नाही अशा जागी असते. पुढे औषधानं पातळ झालेलं रक्त विल्यम्स यांच्या पोटात साठलं आणि पुन्हा ऑपरेशन करावं लागलं. एकाच रुग्णाच्या वाट्याला दोन्ही बाजूंचे धोके कसे येतात, याचं हे जाहीरपणे सांगितलेलं उदाहरण आहे.

महाराष्ट्रात या विषयाला आणखी एक पदर आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा देशात सर्वप्रथम १९८८ मध्ये इथेच झाला, १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. त्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंद लागते, ते कोण वापरणार आणि कुठे न्यायचं यावर बंधनं आहेत. मुलींच्या जिवासाठी ही बंधनं हवीतच, आणि ती सैल करण्याची मागणी करणं चूक ठरेल. पण अनेक देशांत अपघात विभागातला डॉक्टर रुग्णाच्या खाटेशीच प्रोब दाबून दोन मिनिटांत शीर पाहतो, तशी सोय इथे सहज होत नाही, हेही खरं. रात्री अकरा वाजता सुजलेला पाय घेऊन तालुक्याच्या रुग्णालयात आलेल्या माणसाला रेडिओलॉजिस्ट सकाळीच भेटणार.

त्या रात्रीपुरतं उत्तर मात्र या सगळ्या संशोधनानं दिलेलं आहे. मोजपट्टीनं दोन्ही पोटऱ्या मोजायच्या, गुण लावायचे. गुण कमी असतील तर डी-डायमर, आणि तो एफईयू एककात ५०० च्या खाली असेल तर गुठळीची काळजी सोडून दुखण्याचं दुसरं कारण शोधायचं. गुण जास्त असतील आणि चार तासांत सोनोग्राफी मिळत नसेल, तर डी-डायमरसाठी रक्त घेऊन ठेवायचं, रक्तस्रावाचा धोका नाही याची खात्री करायची आणि हेपारिनचं इंजेक्शन किंवा तशी गोळी लगेच सुरू करायची. ब्रिटनच्या सूचना हेच सांगतात. सोनोग्राफी चोवीस तासांच्या आत झाली तरी चालते. आणि तिचा रिपोर्ट हातात आला की जांघ, मांडी, गुडघ्यामागची जागा आणि पोटरी यांपैकी कोणकोणत्या शिरा दाबून पाहिल्या, हे त्यात लिहिलं आहे का ते आधी वाचायचं. पोटरीचा उल्लेख नसेल तर पुढच्या आठवड्यातली तारीख त्याच वेळी घेऊन ठेवायची.